विचारपूस आणि चौकशी

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अभिनेते विक्रम गोखले गेल्याची बातमी परतूर या तालुक्याच्या गावातल्याही मोबाइलवर येऊन पोचली. जोडलेले हात, तेवती समई, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सोबत एखादा जुना फोटो. नावाजलेल्या कलावंतांनी शोकसंदेश लिहिले, तेही पुढे फिरले. गोखले तेव्हा पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते, पण होते. उशाशी बसलेल्या घरच्यांनाच उठून सांगावं लागलं की ते अजून आहेत. ते गेले २६ नोव्हेंबरला. मधले दिवस त्या घराने कसे काढले असतील, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाच्या मनातही आलं नसेल. कुणाचा हेतू वाईट नव्हता. माणूस आवडता होता, आणि सगळ्यांना घाई होती.

२३ नोव्हेंबरलाच, एकतीस वर्षं आधी, लंडनमधल्या एका घरातून छोटंसं निवेदन बाहेर आलं होतं. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली असून एड्स आहे, असं ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने त्यात सांगितलं होतं. इतके दिवस गप्प का राहिलो याचंही कारण दिलं होतं: भोवतीच्या माणसांचं खाजगी आयुष्य जपायचं होतं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी, तो त्याच घरात गेला. वय पंचेचाळीस.

जगाला त्याचं आजारपण जेमतेम एक दिवस मिळालं. त्याआधीची साडेचार वर्षं त्याने स्वतःपाशी ठेवली. त्यावरून त्याला तेव्हाही बोल लावला गेला, अजूनही लावला जातो. तो बोल चुकीचा आहे, हे ठामपणे म्हणायला हवं. आणि ते म्हणताना, परतूरसारख्या तालुक्याच्या गावात आजारी माणसाच्या वाट्याला काय येतं, याकडेही पाहायला हवं.

मर्क्युरी आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. त्याचं जन्मनाव फारोख बलसारा. पारशी कुटुंब, आडनाव गुजरातेतल्या बलसाडवरून म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. ५ सप्टेंबर १९४६ चा त्याचा जन्म तिथलाच. १९५५ मध्ये या आठ वर्षांच्या मुलाला समुद्रापलीकडे शिकायला पाठवलं गेलं ते सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. पुढची आठेक वर्षं त्याची तिथे आणि सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे गेली. तो पियानो शिकला, टेबल टेनिसमध्ये चमकला, पुढे आलेल्या दातांमुळे चिडवला गेला. फारोखचा फ्रेडी झाला तोही याच शाळेत. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फ्रेडी पियानोवर असायचा. त्या पाचांपैकी एक जण पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवायचा, आणि जुन्या मित्राची चौकशी करायला येणारे पत्रकार त्याच्या टेबलाशी येऊन बसायचे.

वसतिगृहात वाढलेल्या मुलाला स्वतःचं असं फार थोडं असतं. झोपायचं सगळ्यांबरोबर, जेवायचं सगळ्यांबरोबर, रडायचं तेही कुणी पाहत नसेल अशी जागा शोधून. झाकण लावता येईल अशी एखादी पेटी, एवढीच काय ती आपली जागा. फ्रेडीने नऊ ते बारा या वयात जमवलेल्या टपाल तिकिटांचा संग्रह आज लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे. तिकिटं कशीही डकवलेली नाहीत. रंग आणि आकार जुळवून, पानाची नक्षी व्हावी अशी मांडली आहेत. लाखोंच्या गर्दीला हाताच्या इशाऱ्यावर नाचवणारा गायक आणि एकटा बसून तिकिटं लावणारा हा मुलगा एकाच माणसात शेवटपर्यंत राहत होते, असं त्या संग्रहाकडे पाहून वाटतं.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये साधं घर, कलाशाळेतली पदविका, १९७० मध्ये ‘क्वीन’, आणि बलसाराचा मर्क्युरी. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची, हा ठेका त्याच बँडच्या ब्रायन मे याने १९७७ च्या एका गाण्यासाठी बांधला. बँडचं नाव न ऐकलेली पोरंही आज मैदानावर तो धरतात. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’मधली त्याची वीस-एक मिनिटं जगभर पाहिली गेली. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थला लाखभराहून अधिक लोकांपुढे ‘क्वीन’बरोबरचा त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला.

त्यानंतर तो घरी गेला.

हे घर त्याने १९८० मध्येच घेऊन ठेवलं होतं. लंडनच्या केन्सिंग्टन भागात लोगन प्लेस नावाच्या गल्लीत विटांची उंच भिंत, तिच्यात एक दार आणि आत ‘गार्डन लॉज’. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका चित्रकार-शिल्पकार जोडप्यासाठी बांधलेली ही वास्तू. आत जपानी काष्ठमुद्रा, पियानो, काचेची नि चिनी मातीची भांडी, बागेत जपानी कोई माशांचं तळं, आणि मांजरं. सहा-सात मांजरं असायची. दौऱ्यावरून घरी फोन करून तो मांजरांशी बोलायचा, अशी आठवण त्याच्या घरातली माणसं सांगत. त्यातल्या लाडक्या दलायलाच्या नावाचं गाणं १९९१ च्या ‘इन्युएंडो’ या संग्रहात आहे. १९८५ चा त्याचा एकट्याचा संग्रहही मांजरांनाच अर्पण केलेला.

घरात राहणारी माणसं मोजकी होती. जिम हटन हा आयरिश केशकर्तनकार त्याचा सहचर; बागेतली गुलाबं आणि तळ्यातले मासे तो पाहायचा आणि बाहेरच्यांना माळी म्हणून ठाऊक होता. पीटर फ्रीस्टोन हा सहायक, जो फनेली हा स्वयंपाक पाहणारा. एके काळी ज्या मेरी ऑस्टिनशी त्याचं लग्न ठरलं होतं, ती जवळच राहायची आणि रोज यायची. हटनच्या आठवणींनुसार १९८७ च्या एप्रिलमध्ये निदान झालं. शेवटच्या काळात शुश्रूषा याच माणसांनी केली. इस्पितळात जाऊन पडायचं नाही, हे त्याचं ठरलेलं होतं.

यातलं सगळ्यात विलक्षण म्हणजे त्याने काम थांबवलं नाही. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनात माँसेरा काबाये या ऑपेरा गायिकेसोबत त्याने रंगमंचावरचा शेवटचा कार्यक्रम केला. १९८९ ला ‘द मिरॅकल’ आला, १९९१ ला ‘इन्युएंडो’. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पुरस्काराच्या वेळी लोकांनी त्याला पाहिलं तेव्हा तो खंगलेला होता. ३० मे १९९१ ला त्याचं शेवटचं चित्रीकरण झालं. चेहऱ्यावर रंगाचे थर, आणि चित्रण कृष्णधवल, आजार झाकला जावा म्हणून. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात, तळ्याकाठच्या स्टुडिओत, तो जमेल तेवढं गाऊन ठेवत होता. मला शब्द द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही नंतर पूर्ण करा, असा त्याचा धोशा असायचा, हे ब्रायन मे याने अनेकदा सांगितलं आहे. त्यातून झालेला संग्रह १९९५ मध्ये आला, गायक जाऊन चार वर्षं झाल्यावर.

म्हणजे ज्याने आजार लपवला म्हणून ठपका ठेवला जातो, त्याने रसिकाचं देणं शेवटच्या श्वासापर्यंत चुकतं केलं होतं. गाणं दिलं, आवाज दिला, उभं राहवत नसताना कॅमेऱ्यासमोर उभं राहणंही दिलं. आणखी काय द्यायला हवं होतं? निदानाचा कागद?

तेव्हाच्या ब्रिटिश खपाऊ वर्तमानपत्रांना तोच हवा होता. १९८७ मध्ये त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याची खाजगी माहिती अशाच एका वर्तमानपत्राला विकली. शेवटच्या आठवड्यांत भिंतीबाहेर छायाचित्रकारांचा तळ पडलेला असायचा. आतला माणूस बागेत कमी आणि खोलीत जास्त राहू लागला, यात नवल नाही. काळही तसा होता. रोगावर इलाज नव्हता. एझेडटी हे पहिलं औषध १९८७ मध्ये मंजूर झालं, आणि जीव खरोखर वाचवणारा औषधांचा संयोग यायला १९९६ उजाडलं. ब्रिटनमध्ये १९८८ ला समलैंगिकतेविषयी शाळांतून चांगलं बोलण्यावर बंधन घालणारा कायदा झाला. आणि फेल्टममध्ये त्याचे आईवडील होते, धर्माने वागणारं एक वयस्क पारशी जोडपं. निवेदनातली ‘भोवतीची माणसं’ म्हणजे हे आईवडील, जिम हटन, घरातले इतर. ती काही पळवाट नव्हती.

दुसरी बाजू हलकी नाही. ७ नोव्हेंबर १९९१ ला, मर्क्युरीच्या निवेदनाच्या सोळा दिवस आधी, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने पत्रकार परिषदेत आपल्याला एचआयव्ही असल्याचं सांगितलं. त्यानंतर तिथे चाचणी करून घेणाऱ्यांची रीघ लागली. मर्क्युरी १९८७ मध्ये बोलला असता तर जगभरच्या कितीतरी घाबरलेल्या पोरांना आपण एकटे नाही असं वाटलं असतं, हे म्हणणं खरं आहे. त्याच्या जाण्यानंतर २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत झालेला कार्यक्रम आणि एड्सविरोधी कामासाठी उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट यांनी किती काम केलं, ते पाहिलं की हे आणखी पटतं. पण जॉन्सनचं धैर्य मोठं ठरतं ते त्याने आपण होऊन दाखवलं म्हणून. तेच धैर्य दुसऱ्याकडे वसुलीसारखं मागायला गेलं की त्याचा अर्थच जातो. मरणाच्या वाटेवरच्या माणसाने आधी समाजाला शिकवावं आणि मग मरावं, ही अपेक्षा निरोगी माणसांनाच सुचू शकते.

मराठीत दोन शब्द आहेत. विचारपूस आणि चौकशी. कोशात ते जवळजवळ असतील, पण बोलताना कुणीही त्यांची गल्लत करत नाही. विचारपूस आजाऱ्यासाठी असते: जेवला का, झोप लागते का, रात्री सोबतीला कुणी हवं का. चौकशी आपल्यासाठी असते: नेमकं काय झालंय, कशाने झालं, डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस सांगितलेत. शहाळं घेऊन दवाखान्यात जाणारा माणूस यातला कोणता प्रश्न विचारतो, त्यावरून तो कशाला आलाय ते कळतं. मर्क्युरीच्या घरातली चार माणसं विचारपूस करत होती. भिंतीबाहेरचे चौकशी करत होते.

कलावंताचं दार बंद राहू देण्याची रीत आपल्याकडे होती. सतारीच्या आणि सूरबहारच्या थोर वादक अन्नपूर्णादेवी यांनी मैफली थांबवल्यावर मुंबईत ब्रीच कँडीच्या सदनिकेत उरलेलं आयुष्य काढलं. सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही, घंटा तीनदाच वाजवा, उघडलं नाही तर नाव-पत्ता ठेवून जा, अशी पाटी दारावर होती. हरिप्रसाद चौरसियांसारख्या शिष्यांनी त्या दाराआड विद्या घेतली. ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनला एकदा त्यांचा रियाज ऐकता आला, अशी आठवण सांगितली जाते, आणि तीही कानगोष्टीसारखी हळूच सांगितली जाते. १३ ऑक्टोबर २०१८ ला त्या गेल्या. मुंबईसारख्या शहराने कित्येक दशकं तीन घंटांनंतर परत फिरण्याचा शहाणपणा दाखवला, ही त्या शहराची मोठी गोष्ट आहे.

परतूरला दारावर अशी पाटी लावायची सोय नाही. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं हे गाव. बाजाराच्या दिवशी भोवतालच्या खेड्यांतली माणसं इथे येतात आणि अर्ध्यांना अर्धी ओळखतात. सरकारी दवाखान्यात कोण कुठल्या खोलीत गेलं हे चहाच्या टपरीवर त्याच्याआधी पोचतं. ‘अमक्याचा पोरगा दिसला, कशाला आला होता?’ या एका प्रश्नाच्या धाकाने माणसं एचआयव्हीची मोफत होणारी चाचणी जवळ सोडून रेल्वेने जालन्याला, नाहीतर संभाजीनगरला जातात. भाडं मोडतं, मजुरी बुडते. लागण घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या माणसाला महिन्यामहिन्यांच्या गोळ्या सोबत न्याव्या लागतात, आणि कोपीत दहा जणांच्या नजरेआड ती डबी ठेवायची कुठे, हा त्याचा रोजचा प्रश्न असतो. डबी दिसेल म्हणून गोळी चुकते. गोळी चुकली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो.

आणि हे अशा काळात, जेव्हा १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधं फुकट मिळू लागलेली आहेत. मर्क्युरीला जे मिळालं नाही ते आज तालुक्यातल्या शेतमजुराला मिळू शकतं. रोज नियमाने गोळी घेणारा माणूस जवळपास पुरतं आयुष्य जगतो, आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली राहिलं तर शरीरसंबंधातून लागणही पसरत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायची नाही आणि त्यावरून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. औषध आहे, कायदा आहे. टपरीवरचा तो प्रश्न मात्र जागचा हललेला नाही. समुपदेशनाच्या खोलीला नीट लागणारं दार हवं, तिच्यासमोर नावाने हाक मारली जाऊ नये, औषधाची रांग इतर रांगांत मिसळलेली असावी. एवढ्याशा गोष्टींनी माणसं उपचारात टिकतात. नगरपालिकेपासून रुग्ण कल्याण समितीपर्यंत कुणालाही हे करता येण्यासारखं आहे, आणि पत्रकारांनीही यासाठी पाठपुरावा करावा.

मर्क्युरीच्या मरणानंतरही चौकशी थांबली नाही. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने जगभरात नव्वद कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि नायकाची भूमिका करणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळवून दिलं. त्यात मर्क्युरी ‘लाइव्ह एड’च्या आधी सहकाऱ्यांना आजाराविषयी सांगतो. प्रत्यक्षात ‘लाइव्ह एड’ १९८५ चं आणि निदान त्यानंतर दोनेक वर्षांनी. ज्या माणसाने कुणाला कधी सांगायचं हे इतक्या काळजीने ठरवलं, त्याची ती वेळच कथेच्या सोयीसाठी बदलली गेली. २०२५ मध्ये एका पुस्तकाने त्याला एक गुप्त मुलगी असल्याचा दावा केला. उत्तर द्यायला तो नाही.

सगळं लिखाण एका मापाने मोजता येत नाही, हेही खरं. हटनने १९९४ मध्ये आठवणी लिहिल्या. ते त्याचंही आयुष्य होतं आणि दुःखही. मेरी ऑस्टिनला मर्क्युरीने घर दिलं. तिने ते बत्तीस वर्षं जवळजवळ जसंच्या तसं सांभाळलं आणि २०२३ मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात काढल्या. पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. भिंतीतलं ते दारही विकलं गेलं, ४ लाख १२ हजार ७५० पौंडांना. त्यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं आपली नावं आणि प्रेमाचे निरोप लिहून ठेवले होते.

एक गोष्ट तिने विकली नाही आणि सांगितलीही नाही. २७ नोव्हेंबर १९९१ ला पश्चिम लंडनच्या स्मशानभूमीत पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या, दहन झालं, आणि अस्थी तिच्याकडे आल्या. त्या कुठे ठेवायच्या हे त्याने फक्त तिला सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं त्या घरातच होत्या. मग एका सकाळी, त्वचेची निगा करून घ्यायला जाते असं घरातल्या नोकरांना सांगून, ती कलश घेऊन एकटीच बाहेर पडली. ड्रायव्हरलाही सोबत घेतलं नाही. कुठे गेली, ते त्याच्या आईवडिलांनाही कळलं नाही.